सातव्या नंबरचं गाणं

आमच्या श्रोता मंडळाचा शिक्का मी करून आणला होता. गोल, रबरी, कडेनं मंडळाचं नाव आणि खाली राजापेठ, अमरावती. मंडळ म्हणजे कॉलेजात जाणारे आम्ही चार पोट्टे. अध्यक्ष मी, कारण माझं अक्षर चांगलं होतं. बाकीच्या तिघांपैकी एकाच्याच घरी रेडिओ होता, म्हणून बैठक त्याच्याकडे व्हायची. त्याचे वडील वकील होते. बुधवारी संध्याकाळी ते लवकर जेवून दुसऱ्या एका वकिलाकडे पत्ते खेळायला जात, आणि आठ ते नऊ तो रेडिओ आमच्या ताब्यात येई.

ही साठ सालच्या आगेमागेची गोष्ट. समुद्रापलीकडच्या एका स्टेशनवरून त्या तासात सिनेमाची गाणी क्रमानं लागत, खालच्या नंबरापासून पहिल्यापर्यंत. ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता ते पानठेल्यासमोर उभे राहून ऐकत. क्रम ठरायचा तो रेकॉर्डींच्या खपावरून आणि श्रोत्यांच्या पत्रांवरून, आणि पत्र पाठवणाऱ्यांपैकी काहींची नावं गावासकट वाचली जात. आपलं नाव त्या आवाजात ऐकू यावं, यापलीकडे आम्हाला आयुष्यात काही नको होतं. वर्षाच्या शेवटच्या बुधवारी सबंध वर्षातल्या सोळा गाण्यांचा क्रम लागायचा. श्रोत्यांनी आधीच आपापला अंदाज लिहून पाठवायचा. ज्यांचा बरोबर येईल त्यांची नावं पहिल्या नंबरचं गाणं संपल्यावर वाचली जात. दिवाळीचे फटाके संपले की आम्ही त्या बुधवारची वाट पाहायला लागायचो.

या रेडिओवाल्या मित्राची मोठी बहीण तेव्हा माहेरी होती. आम्हीही तिला ताईच म्हणायचो. ती अकोल्यात दिलेली. लग्नाला दीड वर्ष झालं तेव्हा नवरा तिला दिवाळीसाठी म्हणून घेऊन आला, पोचवून गेला आणि परत न्यायला आलाच नाही. वकीलसाहेबांनी माणूस पाठवला तेव्हा त्यानं निरोप दिला की पोरगी डोक्यानं मंद आहे, तिला काही समजत नाही. ताई मंद नव्हती. ती हळू बोलायची आणि काही विचारलं तर उत्तर द्यायला वेळ घ्यायची, एवढंच. पण तो शब्द घरात आला तो आलाच. भाजीत मीठ जास्त पडलं की तिची आईसुद्धा म्हणायची, जावई काही खोटं बोलले नव्हते.

ताई आमच्यात बसायची नाही. बैठकीमागच्या खोलीत, दाराला लागून, ती सुपात काहीतरी पाखडत बसायची आणि ऐकायची. एखाद्या गाण्याच्या नंबरावरून आमचं भांडण लागलं की आतून तिचा आवाज यायचा. मागच्या बुधवारी पाचवं होतं, त्याच्या आधी नववं. तिच्याकडे वही नव्हती, सगळं तोंडपाठ. आम्ही हसायचो, आणि मग ती सांगेल तेच लिहून घ्यायचो.

सगळ्यांची पत्रं आम्ही एका हवाई पाकिटात घालून पाठवायचो. पाकीट टपालात टाकायचं काम माझ्याकडे, कारण मोठं पोस्ट माझ्या रस्त्यात होतं. एका बुधवारी ताईनंही आपलं पत्र आणून दिलं. लहानसा कागद, सुबक हिंदी. शाळेत असताना तिनं हिंदीच्या परीक्षा दिल्या होत्या. खाली सासरचं नाही, माहेरचं नाव. मी कागद घेतला आणि निघालो. फाटकापाशी मित्रानं मला थांबवलं. तो म्हणाला, हे टाकू नको. घरच्या पोरीचं नाव रेडिओवर आलं तर बाबा रेडिओच उचलून ठेवतील, मग आपला बुधवार गेला.

मला ते पटलं. रेडिओ जाणं परवडणारं नव्हतं. तिचं पत्र मी खिशात घातलं आणि पाकीट चिकटवलं.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी ती पत्र द्यायची आणि मी ते बाजूला काढायचो. पहिल्या वेळी मला वाईट वाटलं असेल. आता आठवत नाही. पुढं वाटत नव्हतं, हे मात्र पक्कं आठवतं. कॉलेजच्या मैदानावर आम्ही ते उघडायचो आणि मी निवेदकाच्या आवाजात वाचून दाखवायचो. माझी नक्कल चांगली होती. तिचा भाऊही हसायचा. एका पत्रात तिनं लिहिलं होतं की माझं नाव एकदा तरी घ्या, अकोल्यात एक माणूस ऐकत असतो. ते वाक्य आम्हाला दोन महिने पुरलं. कोणाचा भांग विस्कटला, कोणाची सायकल पंक्चर झाली की दुसरा म्हणायचा, "नीट राय बाप्पा, अकोल्यात एक माणूस आयकून राहिला." हसून झालं की कागद फाडून नालीत.

बुधवारी नावं वाचायला सुरुवात झाली की आतला सुपाचा आवाज थांबायचा. तो थांबला की आम्ही एकमेकांना कोपर मारायचो. नावं संपायची. जरा वेळानं सूप पुन्हा हलायला लागायचं. एकदा फाटकापाशी तिनं मला विचारलं की टपाल तिथवर पोचतं ना. मी म्हणालो, पोचतं, पण पत्रं ढिगानं येतात, नशीब लागतं. ती म्हणाली, "हाव, ते तर लागतेच."

त्या वर्षी शेवटच्या बुधवारचा अंदाज लिहायला तिनं तीन आठवडे घेतले. आम्ही चौघांनी एका दुपारी आपापल्या याद्या लिहून टाकल्या होत्या. तिनं घडी घातलेला कागद माझ्या हातात दिला आणि पहिल्यांदाच म्हणाली, सांभाळून टाकजो. घरी येऊन मी तो उघडला. सोळा गाणी एकाखाली एक, आणि मागच्या बाजूला पेन्सिलीनं प्रत्येक गाण्यापुढं एक-दोन ओळी, कोणतं गाणं कुठं का. सातव्या नंबरवर तिनं एक असं गाणं लिहिलं होतं, जे उन्हाळ्यात दोन बुधवार लागून गायब झालं होतं. आम्हा चौघांना ते आठवलंही नव्हतं. मागं लिहिलं होतं, हे बायांचं गाणं आहे, बाया पत्रं लिहीत नाहीत, पण घरात रेकॉर्ड त्यांच्या म्हणण्यावरून येते.

मी माझी यादी शेजारी ठेवून पाहिली. वर्षभर तिचं कधी चुकलं नव्हतं, हे मला माहीत होतं. मी माझी यादी फाडली. तिची यादी माझ्या अक्षरात उतरवली, खाली माझं नाव घातलं आणि मंडळाचा शिक्का मारला. सातवा नंबर बदलावा असं मनात आलं होतं, तोही तसाच ठेवला. तिचा कागद या वेळी मैदानावर नेला नाही. पाणी तापवायच्या बंबात घातला. मित्रांनी विचारलं तेव्हा म्हणालो, त्यात काही मजा नव्हती.

शेवटच्या बुधवारी थंडी मी म्हणत होती. वकीलसाहेब त्या दिवशी पत्त्यांना गेले नाहीत. शेजारची चार-पाच माणसं सतरंजीवर येऊन बसली होती, आतल्या खोलीत बायका. मित्राच्या आईनं सगळ्यांना मुगाची भजी दिली. सोळावं गाणं लागलं, पंधरावं लागलं. प्रत्येक गाण्याला कोणी ना कोणी कपाळावर हात मारत होतं, कारण त्याची यादी तिथं मोडली होती. माझी यादी अजून मोडली नव्हती. दहावं, नववं आणि आठवंही बरोबर आलं. मग निवेदक म्हणाला की आता येतंय ते गाणं तुमच्यापैकी फार थोड्यांनी या जागी ठेवलं असेल, आणि सातव्या नंबरचं गाणं लागलं. बैठकीत सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. त्या शांततेत आतून ताई हसल्याचा आवाज आला. मोठ्यानं, एकदाच. तिचं हसणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. तिची आई तिला काहीतरी बोलली आणि आवाज बंद झाला.

पहिल्या नंबरचं गाणं संपलं. निवेदकानं सांगितलं की सबंध हिंदुस्तानातून चारच जणांचा क्रम बरोबर आला आहे. पहिलं नाव कुठल्याशा उत्तरेकडच्या गावचं होतं, दुसरंही तिकडचंच. तिसरं माझं. माझं नाव, मंडळाचं नाव, राजापेठ, अमरावती. घरात एकच गलका झाला. मित्रांनी मला उचललं. त्या गडबडीत चौथं नाव कोणालाच ऐकू आलं नाही. आतल्या खोलीत एक जण ते ऐकत असणार, हे मला तेव्हाही कळत होतं.

वकीलसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले की पोट्ट्यानं अमरावतीचं नाव काढलं. आईनं ताईला साखर आणायला सांगितलं. बुधवारी ताई बैठकीत आली ती त्याच दिवशी. हातात वाटी होती. तिनं माझ्या तळहातावर साखर ठेवली आणि तिथंच उभी राहिली.

"सातवं कसं लिहिलं रे तू?" तिनं विचारलं.

 सगळ्यांनाच ते ऐकायचं होतं. मी म्हणू शकत होतो की सहज लिहिलं, लागलं. पण शेजारची माणसं माझ्याकडे पाहत होती, वकीलसाहेब पाहत होते.

"ते बायांचं गाणं आहे," मी म्हणालो. "बाया पत्रं लिहीत नाहीत. पण घरात रेकॉर्ड येते ती त्यांच्या म्हणण्यावरून."

वकीलसाहेब वा म्हणाले. हे पोट्टं वकील व्हायला पाहिजे, असंही म्हणाले. ताई माझ्याकडे पाहत होती. तिला सगळं समजायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ ती पाहत राहिली. मी मूठ मिटून घेतली होती आणि साखर ओली व्हायला लागली होती.

"काय पाहून राहिली मंदावानी?" तिची आई मागून म्हणाली. "बाकीच्याईले दे."

तिनं बाकीच्यांना साखर दिली. ओळीनं, कोणालाही न चुकवता, भावालाही.

भाऊ मला सोडायला चौकापर्यंत आला. ती ताईची यादी होती का, असं त्यानं विचारलं. मी हो म्हणालो. तो म्हणाला, बरं झालं, तिचं नाव आलं असतं तर घरात तमाशा झाला असता. तो विषय तिथं संपला. पुढचे कित्येक दिवस कॉलेजात लोक मला बोट दाखवत होते. एका प्राध्यापकांनी वर्गात उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. मला फार चांगलं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

ताईनं नंतर पत्र दिलं नाही. बुधवारी ती दारामागं बसेनाशी झाली, स्वयंपाकघरातच राहायची. एकदा आमचं नंबरावरून फारच जुंपलं तेव्हा मी हाक मारून विचारलं की ताई, मागच्या बुधवारी हे कितवं होतं. बऱ्याच वेळानं तिकडून उत्तर आलं, "मले काय समजते त्यातलं."

वैशाखात अकोल्याहून निरोप आला. तिच्या सासूला लकवा झाला होता, तिचं अंथरुणातलं सगळं करायला घरात बाई नव्हती, तेव्हा पोरीला पाठवून द्या. वकीलसाहेबांनी एका दिवसात होकार कळवला. ताईला कोणी विचारलं नाही. आई रडली, पण ती आनंदानं रडली असं तिनंच सगळ्यांना सांगितलं. पोचवायला भाऊ जाणार होता. जावयासमोर एकट्यानं जायला तो घाबरत होता म्हणून त्यानं मला बरोबर घेतलं. मोटार मूर्तिजापूरच्या स्टँडवर थांबली तेव्हा मी ताईला पाण्याचा पेला नेऊन दिला. तिनं पाणी प्यायलं, पेला परत दिला आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहायला लागली. पायाशी तिची पेटी होती.

नवरा एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होता. तिशीचा, नीटनेटका, केसाला तेल लावून भांग पाडलेला माणूस. मला वाटलं होतं तो खेकसून बोलत असेल, पण तो अगदी मऊ बोलायचा. दीड वर्षानं घरी आलेल्या बायकोला तो एवढंच म्हणाला की मायचं अंथरूण बदलून घे, मग स्वयंपाकाचं पाहा. ती पेटी भिंतीशी ठेवून आत गेली. मग त्यानं आम्हाला बसवलं. कोपऱ्यात फळीवर रेडिओ होता, वर विणलेला रुमाल. भावानं माझी ओळख करून दिली आणि माझं नाव ऐकताच तो उठून उभा राहिला.

"तुमीच का जी ते? राजापेठचे?"

त्यानं तो कार्यक्रम ऐकला होता. त्याचीही यादी गेली होती आणि सातव्या नंबरवर मोडली होती. त्यानं शेजारच्या दोघांना हाक मारून बोलावलं आणि मला त्यांच्यासमोर असं बसवलं, जसा काही मीच घरचा जावई. जेवायला आमरस होता. ताई वाढत होती. आल्यापासून तिनं लुगडंसुद्धा बदललं नव्हतं. रस वाढून ती पोळ्यांचं ताट घेऊन बाजूला उभी राहिली तेव्हा नवऱ्यानं मला विचारलं की ते सातवं गाणं कसं काय सुचलं, माझी तर झोप उडाली होती.

भाऊ ताटाकडे पाहत होता. ताई माझ्याकडे पाहत नव्हती. ती पोळीच्या कडेला हात लावून उभी होती. मला वाटतं तिथं मी एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. हे यांचं गाणं आहे, यादी यांची आहे, एवढंच. हाच तो माणूस होता, हेच ते घर होतं. मी सांगितलं की ते बायांचं गाणं आहे, आणि पुढचंही सगळं, जसंच्या तसं सांगितलं.

नवऱ्यानं मांडीवर थाप मारली. तो शेजाऱ्यांना म्हणाला, "याले म्हणते डोकं." मग ताईकडे मान वळवून, त्याच मऊ आवाजात, "नाहीतर हिच्यापुढं गाणं लावा नाहीतर चक्की, सारखंच."

शेजारी हसले. मीही हसलो. थोडंसं, पण हसलो. ताईनं मला विचारलं की पोळी वाढू का. मी अर्धी वाढा म्हणालो.

पुढं मला सरकारी नोकरी लागली आणि पाच-सहा वर्षांनी बदली बाळापूरला झाली. तोवर माझं लग्न झालं होतं. मित्राकडून कधीमधी कळायचं की ताईची सासू अजून अंथरुणालाच आहे, मूलबाळ नाही, ताई माहेरी येत नाही. माझं मन मला खात होतं असं लिहिता येईल, पण तसं नव्हतं. एकदा गप्पांत मी बायकोला माझं नाव रेडिओवर आल्याचं सांगत होतो, आणि सांगण्याच्या भरात मी पत्रांचं आणि मैदानाचंही सांगून टाकलं. ती हसेल असं मला वाटलं होतं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, अकोला काही लांब नाही, जाऊन सांगून या.

एका रविवारी दुपारी मी गेलो. दार ताईनंच उघडलं. हात ओले होते, कपाळावरचे केस पांढरे झाले होते. ती पस्तिशीचीही नसेल. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही. पूर्वी ती मला अरे-तुरे करायची. आता म्हणाली, या.

मी आत गेलो नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सांगितलं. पत्रं टपालात टाकत नव्हतो ते, मैदानावर वाचायचो ते, तिचं वाक्य आम्ही कसं वापरायचो ते, यादी, बंब, सगळं. ती पदराला हात पुसत ऐकत होती. मध्ये एकदाही तिनं थांबवलं नाही. माझं सांगून संपलं.

"आता कावून सांगून राहिले?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, मनावर ओझं होतं.

 ती बाजूला सरकली आणि तिनं दार पूर्ण उघडलं. "ते आत पेपर वाचून राहिले. त्याईले सांगा. मले तर माहीतच हाय."

दारातून मला आतली खोली दिसत होती. खुर्चीवरून पुढं आलेले दोन पाय, वर धरलेला पेपर, फळीवरचा रेडिओ बारीक आवाजात चालू. आठ-दहा पावलांचं अंतर होतं. ताई दाराशी उभी होती आणि वाट पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिनं एक काम सांगितलं होतं आणि ते होतं की नाही हे ती पाहत होती.

मी म्हणालो, माझ्या गाडीची वेळ झाली. बाळापूरच्या गाडीला अजून दीड तास होता.

"बरं," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

मी बोळातून बाहेर पडलो आणि स्टँडवर जाऊन बसलो. घरी पोचलो तेव्हा बायकोनं पाणी आणून दिलं आणि विचारलं, सांगितलं का. मी म्हणालो, सांगितलं. तिच्या नवऱ्यासमोर सांगितलं का, असं तिनं विचारलं. मी हो म्हणालो, आणि तिनं माझ्यासाठी चहा ठेवला.